ऐंशी टक्के

आंबेगाव पठारावरून खाली येणाऱ्या आमच्या गल्लीला
नाव नाही, उतार आहे.
अकरा महिने मी तो एका पायाने उतरले,
किंवा पायाशिवायच म्हणा:
पंजा जरासा उचलला
की गाडी आपणहून आखडती व्हायची,
विजेचं बिल उलटं फिरल्यासारखी
पडद्यावरची हिरवी रेघ
कणाकणाने वर सरकायची.
शेजारच्या धडफळ्यांना मी सांगत सुटले होते,
अहो, ब्रेक लागतच नाही हिला.

त्या रविवारी साताऱ्याला जायचं होतं.
रात्रभर लावून ठेवली. पहाटे शंभर.
शंभर बघून बरं वाटलं,
गुरुवारी पाणी नाही म्हणून
बुधवारीच काठोकाठ भरून ठेवलेल्या पिंपाकडे
बघून वाटतं तसं.

गल्लीच्या तोंडाशी दुधाचा टेंपो आडवा.
मी पाय उचलला.
गाडीने धरलं नाही.
भरल्या पिंपात आणखी कुठे ओतणार?
उतार तिने घेतलाच नाही,
तसाच माझ्या अंगावर सोडून दिला,
आणि माझा उजवा पाय
दिवे गेल्यावर काडेपेटी शोधणाऱ्या हातासारखा
चाचपत राहिला.
ब्रेक सापडला तेव्हा तळव्याला खरखर लागली:
कितीतरी दिवस न दाबलेली, गंज चढलेली तबकडी.
थांबले.
क्रेटमधल्या पिशव्यांवरची तारीख वाचता येईल
इतक्यावर.
टेंपोवाला पिशव्या मोजत होता.
इंजिनच नाही, तर त्याला कळणार कसं
कोण येतंय मागून.

कात्रज चौकाच्या अलीकडे शफीक तांबोळी
चाकाखाली उकिडवे बसून टॉर्च मारतात.
"सातारा राहू द्या मॅडम.
बाहेरून काय, नवाच वाटेल. हात आतून फिरवा."
फिरवला.
आतल्या कडेला नक्षी संपून
नुसती गुळगुळीत कातडी.
बावीस हजारात?
"वजनदार आहे ना ही. बॅटरीचं सगळं ओझं यांच्याच डोक्यावर.
आणि सिग्नल सुटला की तुम्ही कशी काढता?"
हळूच, म्हटलं.
ते टायरकडे बघत म्हणाले,
"हा तर वेगळंच सांगतोय."

चार नवे. एका जातीचे, हे वजन झेलणारे.
अलाइनमेंट.
आणि हवा सकाळीच बघायची, टायर गार असताना,
दाराच्या आत चिकटवलेल्या आकड्याएवढी,
माझ्या अंदाजाएवढी नाही.
साताऱ्याला कळवलं: मुंज माझ्याशिवाय उरका.

रात्री गोडांबे सरांना फोन केला.
ब्याण्णव साली कात्रजच्या जुन्या घाटात
त्यांनी मला मारुती शिकवली.
ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर,
एवढं एकच वाक्य, रोज, दोन महिने.
सर, हिला गिअरच नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग उतरते कशाच्या जोरावर?"
रिकाम्या जागेच्या, असं म्हणणार होते.
म्हटलं, या एकदा.

आता ऐंशीला बंद करते.
वरचे वीस उतारासाठी सोडलेत,
लांब जायचं असलं तर शंभर,
पण मग गल्लीत पाय ब्रेकवर, पहिल्यापासून.
धडफळ्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

परवा सर आले. शेजारी बसले, पट्टा ओढून पुन्हा तपासला.
गल्ली लागली
तसा त्यांचा पाय पायपुसणीवर दाबला गेला,
शिकवणीच्या गाडीत जिथे दुसरा ब्रेक असायचा
नेमका तिथे.
मीही दाबला, चांगला जोरात, गरज नसताना,
तबकड्या घासून निघाव्यात म्हणून.
गाडी जागच्या जागी उभी राहिली.
सरांनी समोर बघितलं, आरशात बघितलं,
आणि म्हणाले,
"क्लच."